राजीनामा लिहिण्याआधी: बेळगाव-निपाणीकडच्या लिहित्या माणसांसाठी

दर हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा इकडची साहित्य संमेलनं सुरू झाली की मंडपाबाहेर चहा पिताना एक प्रश्न हमखास कानावर येतो. "नोकरी सोडून लिहीत बसावं म्हणतोय. जमेल काय?" विचारणारा कधी उद्यमबागेतल्या फौंड्रीतला सुपरवायझर असतो, कधी सोसायटीतली (पतसंस्थेतली) क्लार्क, कधी निपाणीहून रोज कोल्हापूरला जाऊन येणारा इंजिनिअर. जमतं, पण बहुतेकांचा क्रम चुकतो. आधी राजीनामा, मग पैशाचा विचार, मग घरच्यांना सांगणं आणि सगळ्यात शेवटी लिहिणं. इथे तो क्रम मुद्दाम उलटा लावला आहे.

मी हिशेबखात्यातला माणूस. पूर्णवेळ नोकरी सोडली, आता दोन-तीन ठिकाणचं जमाखर्चाचं काम बघतो आणि उरलेल्या वेळात कथा लिहितो. त्यामुळे पुढे आकडे जरा जास्तच येतील, गोड मानून घ्या.

आधी थकवा आणि लेखन वेगळं करा

नोकरी सोडावीशी वाटते तेव्हा दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात: लिहायला वेळ हवा असतो, आणि माणूस पार दमलेला असतो. दोन्हींचा इलाज एक नाही. दमलेल्या माणसाला मोकळा दिवस मिळाला की तो लिहीत नाही, झोपतो. झोपावंच. पण आपण लिहिण्यासाठी नोकरी सोडली अशी समजूत असेल, तर महिन्याअखेरीस कोरी वही बघून घाम फुटतो आणि "आपल्यात काही नाहीच" असा निकाल माणूस स्वतःच लावून टाकतो. कितीतरी चांगली लिहिणारी माणसं याच महिन्यात परत नोकरी शोधायला लागतात.

म्हणून साठलेल्या रजेतून दहा-पंधरा दिवस घ्या. त्या दिवसांत लग्न, वास्तुशांत, देवदर्शन, गोव्याची ट्रिप काही ठेवू नका. पहिले चार-पाच दिवस झोपेत जातील, त्यांचा हिशेब धरू नका. आठवड्यानंतर हात आपोआप वहीकडे जातो का, एवढंच बघा. जात असेल तर तुम्हाला वेळ कमी पडत होता. जात नसेल, झोप येत नसेल, छातीवर दडपण असेल, आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नसेल, तर आधी डॉक्टर गाठा. साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. थकवा म्हणून जे मिरवत असतो ते कधी कधी निव्वळ रक्तातलं असतं. मनाच्या त्रासासाठी सरकारची 'टेली-मानस' ही फुकट सेवा आहे, नंबर १४४१६. चोवीस तास चालू असते, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, बेळगावहून सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. या अवस्थेत राजीनामा मात्र देऊ नका. दमलेला माणूस पैशाचा हिशेब नेहमी चुकीचा करतो, एकतर फार भितो नाहीतर "बघू रे काय होईल ते" म्हणतो.

विश्रांतीचे महिने आणि लेखनाचे महिने वेगवेगळे धरायचे, हा या सगळ्या लेखाचा कणा आहे. पैशाकडे आलो की तो पुन्हा लागेल.

नोकरीत असतानाच एक पावसाळा लिहून बघा

आपल्याकडे जूनपासून गणपतीपर्यंत बाहेरची कामं तशीही मंदावतात. खानापूरकडे तर दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही. हा हंगाम चाचणीला धरा. रोज सव्वा तास, पहाटे किंवा रात्री, एकाच जागी. मोबाईल दुसऱ्या खोलीत. किती पानं झाली ते महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवा; चांगली-वाईट बघू नका.

तीन महिन्यांत रविवारीसुद्धा काहीच उतरलं नाही, तर अडचण नोकरीत नसण्याची शक्यता मोठी आहे. उलट वही भरली आणि तिच्यातलं काम सव्वा तासात मावत नाही असं वाटायला लागलं, एखादी कादंबरी किंवा दीर्घकथा रोज अर्धवट तुटते आहे असं झालं, तर पुढच्या पायऱ्या वाचा.

या भागात नोकरी-धंदा सांभाळून लिहिणाऱ्यांची परंपरा दांडगी आहे, हेही विसरू नका. इंदिरा संत बेळगावात शिक्षिका होत्या. १९४६ मध्ये पती ना. मा. संत गेले, पदरात तीन मुलं, आणि नोकरी करतच त्यांनी कविता लिहिली. १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. निपाणीचे महादेव मोरे २०२४ मध्ये गेले. टॅक्सी चालवली, गॅरेजमध्ये काम केलं, मग वर्षानुवर्षं पिठाची गिरणी चालवली आणि कथा-कादंबऱ्यांचा ढीग लिहिला. गिरणीत येणारी माणसंच त्यांच्या पानांत आली. तेव्हा "नोकरी आहे म्हणून लिहिता येत नाही" हे वाक्य निपाणीत तरी जपून बोलावं.

मधल्या पायऱ्या

पूर्ण नोकरी आणि राजीनामा यांच्यामध्ये बरंच काही असतं आणि ते विचारायला कोणी जात नाही. आठवड्यातून चार दिवस, अर्धा पगार अर्धा दिवस, फक्त सकाळची पाळी, सहा महिने बिनपगारी रजा. मोठ्या कंपनीत नियम आडवे येतात. पण आपल्याकडचे लहान कारखाने, दुकानं, सोसायट्या, डॉक्टरांचे दवाखाने इथे मालकाशी थेट बोलता येतं. अनुभवी माणूस अर्ध्या पगारात मिळतो म्हटल्यावर मालकही बसून हिशेब करतो. मागताना "मला लिहायचंय" हे कारण सांगायची गरज नाही. "तीन दिवसांत एवढं काम पुरं करून देतो" असं कागदावर मांडा. तोंडी विनंतीला "बघू" हे उत्तर ठरलेलं असतं.

सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकांसाठी एकच सूचना, पण मोठी. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राजीनाम्यात मागची सेवा बुडते, स्वेच्छानिवृत्तीत नियमाप्रमाणे लाभ मिळतात. किती वर्षांनी पात्र ठरता ते सेवापुस्तक घेऊन कार्यालयातल्या जाणत्या हेडक्लार्ककडून समजून घ्या. चिडून दिलेल्या एका ओळीच्या अर्जाने वीस वर्षांची सेवा पाण्यात जाऊ शकते.

पैसा: लाखांत मोजू नका, महिन्यांत मोजा

"माझ्याकडे चार लाख आहेत" या वाक्याला काही अर्थ नाही. "माझ्याकडे चौदा महिने आहेत" याला आहे.

समजा घर स्वतःचं आहे, शहापूर किंवा वडगावात. महिन्याचा खर्च ३०,००० रुपये. बायकोची शिकवणी आणि वरच्या खोलीचं भाडं मिळून १४,००० येतात. तूट १६,०००. शिल्लक चार लाख. त्यातले दीड लाख दवाखान्यासाठी बाजूला काढा आणि ते आहेत हे विसरा. उरले अडीच लाख, भागिले १६,०००. साधारण साडेपंधरा महिने. त्यातले पहिले तीन विश्रांतीचे. लेखनाला बारा. एवढ्या वेळात एका पुस्तकाचा पहिला आणि दुसरा खर्डा होतो. दोन पुस्तकं आणि एक नाटक होत नाही. बेत तेवढाच ठेवा.

महिन्याच्या खर्चात माणसं ठरलेल्या गोष्टी विसरतात: जूनमधली शाळेची फी, गणपती, दिवाळी, घरपट्टी, गाडीचा विमा. आणि गावाकडची मुळं असतील तर महालक्ष्मी यात्रा. आपल्या गावची यात्रा कधी आहे ते आधी विचारून घ्या. कुठे पाच वर्षांनी, कुठे त्याहून कितीतरी जास्त वर्षांनी भरते, पण भरली की घराला रंग, लेकी-जावयांना आहेर आणि चार दिवस पंगती. बारा महिन्यांतले तीन ती एकटी खाऊन टाकते. त्या वर्षी नोकरी सोडू नका. पुढच्या वर्षी सोडा.

आता कमी होणारे खर्च. कर्नाटकाच्या 'शक्ती' योजनेत ११ जून २०२३ पासून राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसमध्ये राज्याच्या हद्दीत तिकीट नाही. म्हणजे निपाणीची बाई बेळगावच्या ग्रंथालयात फुकट येऊन जाऊ शकते. कोल्हापूरला जायचं तर खर्च धरावा लागतो. 'गृहज्योती'त २०० युनिटपर्यंतची वीज जुन्या सरासरीच्या मर्यादेत माफ आहे. दिवसभर घरात पंखा आणि कॉम्प्युटर चालू राहिला की ही मर्यादा ओलांडली जाते, मीटरवर लक्ष ठेवा. 'गृहलक्ष्मी'चे महिन्याचे २,००० घरातल्या बाईच्या खात्यावर येत असतील, तर ती किंवा नवरा आयकर भरणारा वा जीएसटी विवरण भरणारा नसावा अशी अट आहे. फुटकळ लेखनकामं करणाऱ्याने कुणीतरी सांगितलं म्हणून उगाच जीएसटी नोंदणी करू नये. सेवांसाठी वर्षाला वीस लाखांच्या आत असाल तर सहसा तिची गरजच नसते.

ग्रॅच्युइटी आणि पीएफ

ग्रॅच्युइटीला कायम कामगाराची सलग पाच वर्षं लागतात. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांत ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना एका वर्षानंतरही ती मिळते.) हिशेब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ३०,००० आणि बारा वर्षं असतील तर २,०७,६९२ रुपये. पाच वर्षांना चार-पाच महिने कमी असतील तर दात-ओठ खाऊन तेवढे काढा. एवढी पानांमागे मजुरी कुठलाही प्रकाशक देणार नाही.

पीएफला हात लावू नका, हे माझं मत. लावायचाच असेल तर नियम माहीत असू द्या. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो. पेन्शनच्या भागाला दहा वर्षांची सेवा झाली की तो एकरकमी मिळत नाही, वयाच्या ५८ नंतर पेन्शन म्हणून मिळतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने बेकारीत पंचाहत्तर टक्के लगेच आणि उरलेले पंचवीस टक्के बारा महिन्यांनंतर असा बदल ठरवला. तेव्हा "दोन महिन्यांत सगळे पैसे निघतात" हे ऑफिसातलं जुनं शहाणपण आता धरून चालू नका. पैसे खात्यात राहिले तरी व्याज मिळत राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर आहे. सोडण्याआधी यूएएनला (पीएफच्या तुमच्या कायम क्रमांकाला) आधार, पॅन, बँक खातं जोडलेलं आहे ना, आणि तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते बघा. आपल्याकडे हा घोळ जास्त होतो: शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाचं आडनाव, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं, पॅनवर तिसरंच. दुरुस्तीला मालकाची सही लागू शकते. नोकरीत असताना ती मिळते; नंतर त्याच सहीसाठी चार हेलपाटे घालावे लागतात.

विमा, हप्ते आणि जामीन

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण अर्ज विमा चालू असतानाच करावा लागतो. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागू शकतं, म्हणून ती राजीनाम्याच्या वर्षभर आधी घेतलेली बरी. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही, तेवढाच हप्ता हलका झाला आहे.

एलआयसीचा हप्ता पगारातून कापला जात असेल तर नोकरी सुटल्यावर तो आपोआप भरला जात नाही. शाखेत जाऊन हप्ता स्वतः भरायची सोय करून घ्या, नाहीतर पॉलिसी गपचूप बंद पडते आणि कळतं ते दोन वर्षांनी.

जामीन. यावर जरा थांबतो, कारण सोसायट्यांच्या या जिल्ह्यात असं घर नाही जिथे कुणीतरी कुणालातरी जामीन नाही. तुमच्या कर्जाला ऑफिसातले दोघे जामीन असतील तर तुमचा पगार थांबल्याचं कळताच त्यांची झोप उडणार. त्यांना आधी सांगा आणि जमलं तर ते कर्ज आधी फेडा. तुम्ही दुसऱ्याला जामीन असाल तर त्याचे हप्ते वेळेवर जात आहेत का ते सोसायटीत जाऊन विचारा. त्याचे थकले तर नोटीस तुमच्या दारात येईल आणि ती तुमच्या बारा महिन्यांतून कापून जाईल. दर महिन्याची भिशी चालू असेल तर ती फुटेपर्यंतचे हप्ते खर्चात धरा. मधूनच बाहेर पडलात तर गल्लीत नाव खराब होतं. घरकर्ज, गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्ड यांपैकी काही खरोखर लागणार असेल तर ते पगाराची स्लिप हातात असतानाच करून टाकायचं. लेखक म्हटल्यावर बँक मॅनेजर चहा पाजतो, कर्ज देत नाही.

घर आणि गल्ली

घरच्यांना महिन्यांचा कागद दाखवून सांगा. भाषण नको. कागदावर तारीख असू द्या: अमुक महिन्यापर्यंत पैसे आहेत, अमुक महिन्यात पुन्हा बसून ठरवू. तारीख दिसली की आई-वडिलांची अर्धी धास्ती कमी होते. लग्नाला आलेली मुलगी किंवा मुलगा घरात असेल तर धास्ती वेगळी असते, आणि ती खोटीही नसते. स्थळ बघायला येणारे पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात. त्याचं उत्तर सगळ्यांनी मिळून ठरवावं.

गल्लीचा प्रश्न पैशाहून चिवट. "आता काय करालास?" हे रोज दोनदा ऐकावं लागेल. "घरातच हाय" असं उत्तर दिलंत की संपलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सगळ्या भावकीचे बिनपगारी शिपाई. काकांना डोळे दाखवायला न्या, मावशीचं रेशनकार्ड दुरुस्त करा, भाच्याला बसस्टँडवर सोडा, उताऱ्यासाठी तहसीलदार कचेरीत रांग लावा. नाही म्हणायचा आपल्याकडे रिवाज नाही. म्हणून ठरावीक वेळी घराबाहेर पडा, चांगले कपडे घालून, पिशवी घेऊन, ऑफिसला निघाल्यासारखे. "सकाळी काम असतं, दोननंतर बघतो" एवढं उत्तर पुरतं. दोननंतरची कामं मात्र खरंच करा. नाहीतर माणूस तुटतो, आणि लिहायला मग कोण उरणार?

बायकांचं गणित आणखी अवघड. नवरा नोकरी सोडून लिहितो तेव्हा तो "लेखक" होतो, बायको सोडते तेव्हा "बरं झालं, आता घरात लक्ष देईल." स्वयंपाक आणि सासू-सासऱ्यांचं कोण, किती वाजेपर्यंत बघणार, हे राजीनाम्याआधीच बोलून घ्या. डबा आणि धुणीभांडी यांसाठी महिन्याला दोन-तीन हजार जात असतील तर ते नोकरीतल्यासारखेच चालू ठेवा. बाईच्या बारा महिन्यांतून आधी हेच पैसे वाचवले जातात आणि लेखनाचे तास तिथेच जातात.

बसायची जागा

बेळगावात सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ पासूनचं. सकाळची पेपर वाचणारी मंडळी उठली की शांतता असते. वाचनालय जवळ नसेल तर देवळाची ओवरी, मित्राच्या बंद दुकानाचा माळा, भावाच्या शेतातली खोली. कुठलीही चालेल, पण रोज तीच. पावसाळ्यात एक लक्षात ठेवा: आपल्याकडच्या ओलीत कागद फुगतो, शाई पसरते, वहीच्या कडांना बुरशी धरते. वह्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, टाइप केलेलं रोज स्वतःलाच ईमेल करा. आणि वीज गेली की काय करायचं ते आधी ठरवा: हाताने लिहायचा भाग किंवा कालच्या पानांची दुरुस्ती त्या वेळेसाठी राखून ठेवा.

दिवसाचे तीन-साडेतीन तास खरं लिहिणं होतं, त्याहून जास्त क्वचितच. बाकी वेळ वाचणं, चालणं, कमाईचं काम. चालायला वॅक्सिन डेपोची झाडी आहे, किल्ल्याचा तलाव आहे. गावात असाल तर बांध आहेतच. नोकरीत असताना गेटपासून मशीनपर्यंत, बसपासून ऑफिसपर्यंत नकळत चालणं व्हायचं, ते आता बंद होतं. कंबर धरते, वजन वाढतं, डोळ्यांचा नंबर बदलतो. पहिल्याच महिन्यात चष्मा तपासून घ्या आणि खुर्ची बरी घ्या. या दोन खर्चांत काटकसर नको. आणि रोज एका तरी माणसाशी समोरासमोर बोला. कारखान्यातल्या डब्याच्या सुट्टीत ज्या शिव्या आणि गप्पा फुकट मिळत होत्या त्यांची उणीव दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जाणवते. तिथल्या दोस्तांना महिन्यातून एकदा भेटत राहा. कथेतले संवादही तिथूनच येतात.

कमाई

पुस्तकाचं गणित आधी पचवा. २५० रुपये किंमत, ५०० प्रतींची आवृत्ती, दहा टक्के मानधन आणि सगळ्या प्रती विकल्या गेल्या असं धरलं, तर हातात १२,५०० रुपये. कुणी "तुम्ही इतके हजार द्या, आम्ही पुस्तक काढतो" म्हटलं तर ते प्रकाशन नव्हे, छपाई. छापखान्यातून दर विचारून मगच बोला.

सीमाभागातल्या माणसाकडे एक भांडवल आहे जे पुण्याच्या लेखकाकडे नाही: दोन्ही भाषा. सरकारी नोटिसा, उतारे, ग्रामपंचायतीची पत्रं कन्नडमध्ये येतात आणि कित्येक मराठी घरांत ती वाचणारं कुणी नसतं. वाचून समजावून देणं, मराठीत उतरवून देणं, अर्ज लिहून देणं याला रोज गिऱ्हाईक आहे (कोर्टात लागणारं भाषांतर मात्र वकिलामार्फतच करा). साहित्याच्या अनुवादाची वाटही इथूनच जाते; कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. कन्नड ऐकून समजतं पण वाचता येत नाही अशी स्थिती असेल, तर विश्रांतीच्या महिन्यांत लिपी शिकून घ्या.

दुसरं काम स्मरणिकांचं. शाळेची शताब्दी, सोसायटीचा रौप्यमहोत्सव, कुणाचा तरी एकसष्टीचा गौरवग्रंथ. पैसे बरे मिळतात आणि डोकं फार लागत नाही, पण पानं किती, फोटो कोण गोळा करणार आणि दुरुस्त्या किती वेळा हे आधी लिहून घ्या. निम्मे पैसे आगाऊ. अकरा संचालक असले तर अकरा जण "माझं नाव जरा वर घ्या" म्हणून येणार. दुरुस्ती फक्त चेअरमनच्या सहीने येईल, अशी अट घाला.

या कामांना आठवड्याचे दोन दिवस ठरवा आणि लेखनाच्या तासांत त्यांचा फोन घेऊ नका. कामं वाढून चार दिवस झाली तर तुम्ही नोकरीच करता आहात, फक्त पीएफ नसलेली.

कुठे पाठवायचं

दिवाळी अंकांची परंपरा 'मनोरंजन'च्या १९०९ च्या अंकापासूनची, आणि अजूनही नव्या लेखकाचं नाव तिथूनच फुटतं. साहित्य मे-जूनपर्यंत गेलं पाहिजे. गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षी वाचली जाते. युनिकोडमध्ये टाइप करा. एका अंकाला एकच कथा, सोबत चार ओळींचं पत्र, त्यात स्वतःची स्तुती नको. मानधन थोडं असतं, कधी नुसता अंक येतो. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. घोषणा निघाली की त्या वर्षीच्या अटी नीट वाचून अर्ज करा.

गावोगावच्या संमेलनांत कविता वाचायला नाव द्या, कथाकथन असेल तर बसून ऐका. समोरच्या सतरंजीवर बसलेली शेतकरी माणसं कंटाळली की सरळ उठून जातात. त्याहून चांगला संपादक मिळणार नाही. तिथे एक मोह असतो. सीमाप्रश्नावरच्या कवितेला टाळी हमखास पडते. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून इथलं लेखन आणि लढा एकाच मंडपात बसत आले आहेत, आणि त्यात गैर काही नाही. पण टाळीसाठी तीच कविता पंधरा वेळा लिहू नका. मराठी शाळेतून कन्नड शाळेत गेलेली पोरगी, दोन्ही भाषांत शिव्या देणारा कंडक्टर, तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेली म्हातारी यांच्यावर अजून कितीतरी लिहायचं राहिलं आहे. आणि त्यांची बोली पुण्यासाठी सोवळी करू नका. संपादकाने अधोरेखित केली तर केली.

सोडायचा दिवस आणि परतीची वाट

कागदांची यादी छोटी आहे: कार्यमुक्तीचं पत्र, अनुभवाचा दाखला, फॉर्म १६, शेवटच्या तीन पगार-स्लिपा, ग्रॅच्युइटीच्या अर्जाची पोच. नोटीस पूर्ण भरा, काम नीट सोपवा. बेळगाव एवढंसं आहे. आज ज्याच्याशी भांडून निघाल तो उद्या रोटरीच्या कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवर असतो.

परत जावं लागलं तर त्यात कमीपणा धरू नका, पण ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. शिल्लक चार महिन्यांवर आली की नोकरीची विचारपूस सुरू करा, कारण बोलणी, मुलाखत, रुजू होणं आणि पहिला पगार यांत तीन महिने सहज जातात. मधल्या काळात आपल्या कामातलं नवं काय आलं ते शिकत राहा. हिशेबवाल्याने टॅली आणि जीएसटीचे बदल, शिक्षकाने नवा अभ्यासक्रम. आणि हंगाम ओळखा. हिशेबखात्यात मार्चअखेरीच्या आधी माणसं लागतात, शाळांत मे-जूनमध्ये, साखर कारखान्यांत ऑक्टोबरात गाळपाच्या तोंडावर. तुमचे चार महिने त्या तारखेपासून मागे मोजा.